उठायची खुर्ची

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पाणी प्यायचं सोडलं, हे घरात सगळ्यात आधी मला कळलं. त्यांच्या उशाचा तांब्या सकाळी मी भरायचे आणि संध्याकाळी तसाच्या तसा मीच ओतून टाकायचे. उन्हाळा असा की अंगणातली जमीन चपलेतूनही चटके देत होती. कारखान्याच्या पत्र्याखाली पुरुष दिवसभर घामाने निथळायचे आणि आई सकाळच्या गोळीपुरता घोट घेऊन दिवस काढायच्या. ओठांची सालं निघाली होती. विचारलं तर म्हणाल्या, या वयात तहानच लागत नाही गं.

साफ खोटं होतं ते. पाणी प्यायलं की संडासला जावं लागतं, जायचं तर खाटेवरून उठावं लागतं, आणि उठायचं तर कुणाला तरी हाक मारावी लागते. त्या हाकेचीच त्यांना धास्ती होती.

मी घरात असले तर प्रश्न नव्हता. पण मी दिवसभर घरात थोडीच असते? पाणी आणायला, सरपणाला, दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जावंच लागतं. मग घरात उरायचे मामंजी आणि हे. बापलेक दोघे सुतार, कारखाना अंगणाला लागूनच. आईंनी हाक मारली की रंधा थांबायचा, आणि मामंजींचा मोठा आवाज घरभर यायचा, "उठा महाराणी, पालखी आली." दोन्ही बगलांत हात घालून ते आईंना असं उचलायचे की जणू फळीच उचलतायत. समोर गिऱ्हाईक असलं तर जास्तच जोर चढायचा. एकदा संडासापर्यंत जाईजाईतो आईंचे कपडे ओले झाले, तर तो किस्सा मामंजींनी लाकूडवाल्याला हसत हसत सांगितला. आई दाराआड बसून ऐकत होत्या. त्यानंतर तांब्याला हात लागला नाही.

आईंचे गुडघे वयाने गेले असं सगळे म्हणतात. वयाने नाही गेले. आमच्या कारखान्याने खाल्ले. मामंजींच्या खुर्च्यांचं आसपासच्या गावांत नाव आहे. त्यांच्या खुर्चीला खिळा नसतो, खाचेत कुसू, म्हणजे लाकडाचा दाता, असा बसतो की केस आत जायचा नाही. हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. एवढं मात्र सांगत नाहीत की त्यातली एकेक खुर्ची काचकागदाने घासून गुळगुळीत केली ती आईंनी, उकिडवं बसून, आणि लाखेचं पॉलिश चढवलं तेही त्यांनीच. खुर्च्यांवर गाव बसलं, आणि त्या घासणारी बाई जन्मभर जमिनीवर. आता बसायला म्हणून होती ती झोळी झालेली एक खाट. तिच्यात एकदा रुतलं की धडधाकट माणसालाही हिसका मारून उठावं लागायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात भर दुपारी बघायला मिळत होता.

ह्यांना मी किती वेळा सांगितलं. ह्यांनी संडासाच्या भिंतीला लोखंडी नळी बसवून दिली, तेवढं खरं. आई तिथे पोचल्या की नळीला धरून त्यांचं त्या बघायच्या. पण तिथवर पोचायचं कसं, हे विचारलं की हे मूग गिळून बसायचे. बापासमोर ह्यांच्या तोंडात मिठाची गुळणी.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती आणि कुणी घर बांधायला काढत नव्हतं. चौकटी नाहीत, दारं नाहीत. करवती भिंतीला टांगलेल्या. अशात वृद्धाश्रमाच्या संचालक बाई येऊन गेल्या. त्यांना खुर्च्या हव्या होत्या, गुडघे-कंबर गेलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. म्हणाल्या, आधी एक नमुना करा, पसंत पडला तर सगळ्या खुर्च्या तुमच्याकडेच.

मामंजी त्या दिवशी फुशारले होते. नमुना कशाला शोधत जायचा, म्हणाले, आमच्या घरात जिवंत नमुना खाटेवर बसलेला आहे. बाई हसल्या. मीही मनातून हरखले, खोटं कशाला बोलू? निमित्त कुणाचंही असो, आईंना खुर्ची होणार होती. मामंजींनी जुन्या दरवाजाचं जपून ठेवलेलं लाकूड काढलं, तेव्हा तर आईंच्याही तोंडावर जरा तजेला आला. बायकोसाठी ह्या माणसाने कधी एक पाटसुद्धा केला नव्हता.

पण माप घ्यायला ते आईंकडे आलेच नाहीत. मी आठवण केली तर म्हणाले, चाळीस वर्षं बघतोय, तिचं माप काय घ्यायचं? स्वतःच्या पोटरीला पट्टी लावली, स्वतःची मांडी मोजली, आणि बाईमाणूस म्हणून दोन बोटं कमी केली. झालं माप.

खुर्ची सुंदर झाली, त्यात शंका नाही. पाठीला वेलबुट्टी, हात नागासारखे वळवलेले, बैठक मागे छान उतरती, म्हणजे टेकून बसलं की अंग सैल पडावं. हात पुढे आखूड ठेवले, कारण लांब ठेवले तर खुर्ची टेबलाखाली जात नाही. पुढच्या दोन पायांमध्ये खाली आडवी पट्टी मारली, कारण पट्टीशिवाय खुर्ची डुलते. सगळं रीतीप्रमाणे. त्या खुर्चीत एकच गोष्ट नव्हती, आणि ती म्हणजे आई.

घासायचं काम मात्र आईंकडेच आलं. त्यांना जमिनीवर बसता येत नव्हतं म्हणून मामंजींनी खुर्चीचे सुटे हात त्यांच्या खाटेवर आणून टाकले, वर काचकागद. आईंनी ते मांडीवर घेऊन घासले. बोटांच्या पेरांवर पांढरी भुकटी चढली होती. मी म्हटलं, द्या इकडे, मी करते. त्या म्हणाल्या, राहू दे, माझ्याच हाताखाली यायचेत ना, मलाच करू दे.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. खुर्ची झाली की तिच्यावर पहिल्यांदा बसायचं ते करणाऱ्याने. तो बसला, कुरकुर झाली नाही, तो उठला, की खुर्ची पास. मामंजींच्या बापापासून चालत आलंय. त्याप्रमाणे मामंजी बसले. मागे रेलले, डोळे मिटले, मांडीवर थाप मारून ताडकन उठले. म्हणाले, लोण्यासारखी झालीय. मग आम्ही आईंना खाटेवरून उचलून तिच्यात बसवलं.

आई बसल्या. खुर्चीच्या हातांवरून तळवे फिरवून बघितले, कुठे खरखर राहिलीय का म्हणून. मग मामंजी म्हणाले, आता ऊठ.

त्यांनी जोर लावला. बैठक मागे उतरती, अंग पुढे येईना. पाय मागे घ्यायला गेल्या तर टाचा त्या आडव्या पट्टीवर आपटल्या. हात रेटायला गेल्या तर खुर्चीचे हात गुडघ्यांच्या कितीतरी मागेच संपलेले. इंचभर वर आल्या आणि धपकन मागे बसल्या. पुन्हा तेच. मानेच्या शिरा ताठ झाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही.

मामंजी म्हणाले, मी बसलो, मी उठलो, मग हिलाच काय धाड भरली? आळस आहे नुसता. बसून खायची सवय लागली की असंच होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी ह्यांच्याकडे बघितलं. हे रंध्याचं पातं अंगठ्यावर फिरवून बघत उभे होते. पात्याला धार होती, माणसाला नव्हती.

दुसऱ्या दिवशी बापलेक लाकडाच्या वखारीवर गेले. घर रिकामं होतं. मी झाडत होते, तर आई म्हणाल्या, मला जरा कारखान्यात ने, खुर्चीच्या पाठीला पॉलिशचा शेवटचा हात राहिलाय. मी त्यांना धरून नेलं. बसवायचं कुठे? खुर्ची तर पॉलिशला उपडी घातलेली. समोर करवतकामाची घोडी होती, लाकूड ठेवून कापतात ते उंच चार पायांचं बाक. बायकांनी घोडीवर बसायचं नाही अशी मामंजींची सक्त ताकीद, धंद्याला बरकत राहत नाही म्हणे. मी तिच्यावर गोणपाट टाकलं आणि आईंना तिथेच बसवलं.

पॉलिशची चिंधी माझ्या हातून पडली, रंध्याच्या टेबलापलीकडे. मी वाकून घ्यायच्या आत आई उठून उभ्या होत्या. कुणीही हात लावला नव्हता. टेबलाची कड धरून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे.

"अगं, हे काय झालं?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, परत बसा. त्या बसल्या. परत उठा म्हटलं. त्या परत उठल्या. दोघी लहान पोरींसारख्या हसत सुटलो. मग नीट बघितलं. घोडी उंच होती, त्यामुळे गुडघे फार वाकत नव्हते. खाली मोकळी होती, त्यामुळे पाय मागे जात होते. आणि टेबल पुढ्यात होतं, जोर लावायला हातांना पुढे काहीतरी मिळत होतं. यात जादू काहीच नव्हती. त्या दुपारी आई स्वतः उठून संडासला गेल्या, भिंत धरत, हळूहळू. येऊन अर्धा तांब्या पाणी प्यायल्या.

संध्याकाळी मी मामंजींपुढे तोंड उघडलं. म्हटलं, बाबा, खुर्ची उंच करा, पट्टी काढा, हात पुढे आणा, बैठक पुढे कलती ठेवा, आज आई घोडीवरून आपल्या आपण उठल्या. त्यांनी बाकीचं काही ऐकलं नाही. त्यांनी ऐकलं ते घोडी.

"घोडीवर बसवलीस तिला?"

मी हो म्हटलं. मग जे बोलले ते सगळं लिहीत नाही. सून सुताराला अक्कल शिकवायला लागली, पुढे कलती खुर्ची म्हणजे घसरगुंडी, पट्टी काढली तर सांधे महिनाभरात सुटतील, उंच केली तर पाय लोंबकळतील, लोक थुंकतील तोंडावर. मी म्हटलं, पण उठता येत नाही त्यांना. तेव्हा ते वाक्य आलं, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. "खुर्ची बसायला असते. उठवायला माणसं आहेत ना घरात."

कुठली माणसं, मी विचारलं. पालखी आली म्हणणारी? ह्यांनी माझा दंड धरला आणि मला आत नेलं. आत नेऊन काय सांगितलं, तर ऑर्डर हातची जाईल, आत्ता नको. मी म्हटलं, तुमच्या आईने पाणी सोडलंय. हे म्हणाले, उन्हाळ्यात सगळ्यांचंच तसं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. ह्यांच्या आईचं जळत होतं आणि ह्यांना वासही येत नव्हता. मला ह्यांचा त्या दिवशी इतका राग आला की जेवायला वाढलं ते ताट आपटूनच.

बाई यायच्या दिवशी सकाळी आईंनी मला हाक मारली आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. पूर्ण प्यायल्या. थोड्या वेळाने परत मागितलं, परत प्यायल्या. मला बरं वाटलं. संडासला नेऊ का म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, आत्ता नको. चेहरा शांत होता, वाजवीपेक्षा जास्तच शांत.

मामंजींनी खुर्ची अंगणात छपराच्या सावलीत मांडली, आईंना धुतलेले कपडे घालायला लावले आणि खुर्चीत बसवलं. बाई आल्या. वेलबुट्टीवरून बोट फिरवलं, खिळा कुठेच नाही हे वाकून बघितलं, वा वा म्हणाल्या. मामंजींची छाती फुगली. त्यांनी खुर्चीची ख्याती सांगितली, बापाची सांगितली, पहिल्या बैठकीची रीत सांगितली. बराच वेळ गेला. आईंनी मांड्या आवळून धरल्या होत्या. ते माझ्या लक्षात आलं. मी पुढे झाले, तर त्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं.

शेवटी बाई त्यांच्यासमोर वाकल्या. कशी वाटते आजी, खुर्ची?

"बसायला फार छान आहे," आई म्हणाल्या. "आता मला लघवीला जायचंय."

मामंजी लगबगीने बगलेत हात घालायला आले. आईंनी त्यांचा हात झटकला. चाळीस वर्षांत मी काय, कुणीच ते बघितलं नसेल. "हात लावायचा नाही कुणी. खुर्ची माझ्यासाठी केलीय ना? मग खुर्चीला उठवू दे मला. बाईंनाही दिसेल."

त्यांनी जोर लावला. टाचा पट्टीवर आपटल्या. आखूड हातांवर तळवे घसरले. दात-ओठ खाऊन त्या इंचभर वर आल्या आणि मागे कोसळल्या. परत वर आल्या, परत कोसळल्या. हे पुढे सरकले तर त्यांच्यावरही डोळे वटारले. मामंजी दबक्या आवाजात म्हणत होते, अगं काय चालवलंयस, हात दे. त्या हात देईनात. आणि मग त्या थांबल्या, मान ताठ केली, सरळ मामंजींच्या डोळ्यांत बघितलं, आणि बैठकीवरून पाणी खाली ठिबकायला लागलं. लाखेच्या पॉलिशवरून, त्या आडव्या पट्टीवरून, जमिनीवर. त्यांनी ना मान खाली घातली ना तोंड लपवलं. लपवलं ते आम्ही बाकीच्यांनी.

 बाई मामंजींना एवढंच म्हणाल्या की आमच्याकडची माणसं अशीच आहेत, यांना उठता आलं की निरोप पाठवा. आईंना नमस्कार करून त्या गेल्या.

मी आईंना आत नेलं, धुतलं, कोरडे कपडे घातले.  बाहेर मामंजींचा तोंडाचा पट्टा सुरू होता. परक्या बाईसमोर घराची अब्रू घालवली, जनाची नाही तरी मनाची ठेवायची, पॉलिशवर कायमचा डाग पडला.

आई दारात आल्या, माझा खांदा धरून. "अब्रू माझी गेली," त्या म्हणाल्या. "तुमची नुसती ऑर्डर गेली. आणि माझी काय आज नाही गेली. लाकूडवाल्याला हसून सांगितलंत ना, त्या दिवशीच गेली. आज मी ती सगळ्यांना दाखवली."

 मला वाटलं आता मामंजी कुठेतरी निघून जातील. गेले नाहीत. छपराच्या खांबाला टेकून उभे राहिले.

मी कारखान्यात गेले आणि करवत काढून आणली. मला करवत धरता येत नाही, आणि त्या वेळी त्याची फिकीरही नव्हती. खुर्ची आडवी पाडली आणि पुढच्या पट्टीवर करवत लावली. दोन ओढीतच ती अडकली. कुणीतरी येऊन खुर्ची दाबून धरली, तर ते हे होते.  अजून राग गेला नव्हता माझा. पट्टी तुटून पडली. मग मी ओंडक्याचे ठोकळे घेतले, मागच्या पायांखाली जाड, पुढच्या पायांखाली जरा कमी, आणि खिळे ठोकायला लागले. पहिल्या खिळ्याचा आवाज झाला तेव्हा मामंजींनी डोळे मिटून घेतले. मुद्दाम मोठे खिळे घेतले होते मी, हे कबूल करते. नागासारख्या हातांवर दोन ओबडधोबड फळ्या ठोकल्या, बैठकीच्या पुढे वीतभर येतील अशा. अंगठ्यावर हातोडी बसली, रक्त आलं, तरी थांबले नाही.

उभी केली तेव्हा खुर्ची दिसायला भयंकर होती. वर वेलबुट्टी आणि खाली ठोकळे. बैठकीवर पांढरा पडलेला डाग.

मामंजी खांबापासून हलले. खुर्चीजवळ आले, पट्टीची तुटकी टोकं चाचपली, फळी हलवून बघितली. डुलतेय, म्हणाले. आणि मग सवयीने, काही विचार न करता, वळले आणि बसायला लागले. पहिली बैठक करणाऱ्याची.

"थांबा," आई म्हणाल्या.

ते अर्धवट वाकलेले तसेच थांबले.

"ह्या खुर्चीत आधी मी बसणार. मी उठले तर पास. तुम्ही उठून काय उपयोग? तुमचे गुडघे शाबूत आहेत."

मामंजी बाजूला झाले. आई माझा खांदा सोडून पुढे आल्या आणि बसल्या. खुर्ची कुरकुरली. पाय मागे घेतले, ते मोकळे गेले. पुढच्या फळ्यांवर तळवे ठेवले, पुढे झुकल्या. खुर्ची डुलली आणि मामंजींचा हात आपसूक पुढे गेला, मग अर्ध्यावरच त्यांनी तो मागे घेतला. आई गुडघ्यांत थरथरल्या, वर आल्या, आणखी वर आल्या, आणि उभ्या राहिल्या.

 त्या अंगण ओलांडून भिंत धरत गेल्या आणि आल्या. आम्ही तिघे उन्हात तसेच उभे होतो. मामंजी पुटपुटले की सांधा सुटेल, नीट करून द्यावी लागेल.

"द्या की नीट करून," आई म्हणाल्या. "पण माप घ्यायला माझ्याकडे यायचं. आणि घासायचं तुम्ही."

मग त्या खुर्चीत बसल्या, पाय मागे घेतले, तळवे फळ्यांवर टेकवून ठेवले, आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, तांब्या भर. काठोकाठ भर."